फांशांचें बेसबॉल आणि वेतनमर्यादेचें गणित

गेल्या सत्रांत शाळा सुटल्यावर आमच्या वर्गांत जो एक खेळ चालत असे, त्याविषयीं दोन पालकांनीं आम्हांकडे विचारणा केली. एका गृहस्थांनीं सौम्य शब्दांत परंतु स्पष्टपणें लिहिलें कीं, मुलांच्या हातीं शाळेनेंच फांसे द्यावेत हें आपल्या मनास रुचत नाहीं. दुसऱ्या एका मातेनें असें विचारिलें कीं, आपला मुलगा जेवतांना मध्येंच हात थांबवून "सहा कोटींत बसत नाहीं" असें स्वतःशींच पुटपुटतो. तर हे सहा कोटि कोणाचे, आणि त्यांत बसत नाहीं तें काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मुलांनीं घरीं जीं उत्तरें दिलीं तीं अपुरीं पडलीं असावींत. म्हणून या खेळाची, आणि विशेषतः त्यांतील वेतनमर्यादेची, हकीकत वार्षिकाच्या या पानांत सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

फांशांचें प्रथम सांगतों. या खेळांत कोणीही कवडीदेखील लावीत नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत केला, तो योग्यच झाला असें आमचें मत आहे. आमच्या वर्गांतील कोटि हे केवळ कागदावरचे कोटि होत. फांसा येथें पण लावण्याकरितां नसून, खरे खेळाडू ज्या अनिश्चिततेंत खेळतात ती अनिश्चितता मेजावर आणण्याकरितां आहे. तो किती वेळां काय दाखवील याचा हिशेब करतां येतो, आणि तो हिशेब करावयास आम्हीं मुलांस लाविलें, इतकाच आमचा अपराध.

आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहतो. त्यानें सुटींत इकडे आला असतां या खेळाची एक पेटी शाळेस भेट दिली. खेळ बेसबॉलचा, त्याचें नांव 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'. बेसबॉल आपल्याकडे फारसें कोणी खेळत नाहीं, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. मैदानावर नऊ जण असतात. त्यांतील पिचर चेंडू टप्पा न पाडतां फेकतो व समोरचा फलंदाज तो दांडूनें टोलवितो. पुढें चौकोनाच्या कोपऱ्यांप्रमाणें मांडलेले चार तळ एकामागून एक गांठून तो परत मूळ जागीं आला म्हणजे एक धांव होते. चेंडू थेट कुंपणापार गेला तर तो 'होम रन', म्हणजे आपल्या षट्काराचा थोरला भाऊ. पिचरनें चार चेंडू वावगे फेकले तर फलंदाजास कांहीं न करितां पहिला तळ मिळतो. त्यास 'वॉक' म्हणतात. हा वॉक ध्यानांत ठेवावा. दिसावयास तो फार क्षुल्लक आहे, परंतु पुढें त्याचें काम पडणार आहे.

१९४८ सालीं न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेक या गांवीं हॅल रिचमन नांवाचा एक अकरा वर्षांचा मुलगा बेसबॉलचा खेळ घरांत कसा खेळतां येईल याच्या खटपटीस लागला. तो फांसे टाकी आणि काय पडलें तें लिहून ठेवी. एक फांसा टाकला तर सहाही अंक सारख्याच वेळां पडतात; परंतु दोन फांशांची बेरीज घेतली तर तसें होत नाहीं. छत्तीस प्रकारांपैकीं सात ही बेरीज सहा प्रकारांनीं येते, सहा व आठ पांच-पांच प्रकारांनीं, आणि दोन किंवा बारा एकेकाच प्रकारानें. ही साधी गोष्ट हातीं येतांच, क्वचित् घडणारें दोन-बारांच्या घरीं व नित्य घडणारें सातांच्या घरीं लिहावें, हें त्यास सुचलें. पुढें गणिताचा पदवीधर होऊन त्यानें १९६१ सालीं हा खेळ विक्रीस काढिला. भांडवलासाठीं वडिलांकडून कर्ज घेतांना, धंदा बुडाल्यास त्यांच्या विम्याच्या धंद्यांत येईन असें त्यानें कबूल केलें होतें म्हणतात. तो प्रसंग आला नाहीं.

आतां कार्डाची रचना पाहूं. प्रत्येक खऱ्या खेळाडूच्या एका मोसमाच्या कामगिरीवरून त्याचें एक कार्ड तयार केलेलें असतें. फलंदाजाच्या कार्डावर १, २, ३ हे रकाने असतात व पिचरच्या कार्डावर ४, ५, ६ हे. तीन फांसे एकदम टाकावयाचे. त्यांतील निराळ्या रंगाचा फांसा रकाना सांगतो आणि उरलेल्या दोहोंची बेरीज ओळ सांगते. म्हणजे निम्म्या वेळां फलंदाजाच्या कार्डावरून निकाल लागतो व निम्म्या वेळां पिचरच्या. तीन रकाने गुणिलें छत्तीस म्हणजे प्रत्येक कार्डावर १०८ संधि, व दोन्ही मिळून २१६.

येथें एक मौज आहे. समजा, एक फलंदाज शंभरांत ४० वेळां तळावर पोंचतो, आणि सर्वसाधारण प्रमाण शंभरांत ३२ आहे. निम्मे निकाल तर पिचरच्या कार्डावर जावयाचे, व तेथें सामान्य पिचर ३२ च देणार. मग एकंदर ४० यावेत म्हणून या फलंदाजाच्या स्वतःच्या कार्डावर ४० लिहून भागेल काय? नाहीं, तेथें ४८ लिहावे लागतात, कारण ४८ व ३२ यांची सरासरी ४० होते. अर्थात् उत्तम खेळाडूचें कार्ड त्याच्या खऱ्या कामगिरीहूनही झळझळीत दिसतें. मुलें त्यासच भुलतात. आणि खोटें कशास बोलावें, आम्हीही भुललों.

पेटींतल्या खेळांत खेळाडूंना किंमती नसतात. परंतु याच खेळाची जी संगणकावरील आवृत्ति आहे तींत प्रत्येक खेळाडूस कल्पित डॉलरांत किंमत लाविलेली असते, आणि सुमारें पंचवीस जणांचा संघ ठरलेल्या एकूण रकमेंत बसवावा लागतो. हीच वेतनमर्यादा. ती नेहमीं ८ कोटि डॉलरांची असते. तथापि कांहीं स्पर्धा ६ कोटींच्या, तर कांहीं थेट २० कोटींच्याही असतात. सर्वांत हलका खेळाडू पांच लाखांस मिळतो. बेब रूथसारखा, ज्यानें आपल्या कारकीर्दींत ७१४ होम रन मारले, तो घ्यावयाचा तर एक कोटींहून अधिक मोजावे लागतात. आमच्या माजी विद्यार्थ्यानें किंमतींची यादी छापून दिली होती, तिच्या आधारें मुलांनीं आठ संघ बांधिले.

प्रथम दर्शनीं वाटतें कीं मर्यादा वाढली म्हणजे संघ तेवढा चांगला होतो व घटली म्हणजे वाईट होतो, याहून त्यांत अधिक कांहीं नाहीं. आमचीही हीच समजूत होती. परंतु खेळतां खेळतां असें आढळलें कीं, मर्यादा बदलली म्हणजे चांगला खेळाडू कोणास म्हणावें हेंच बदलतें. सहा कोटींत जो रत्न तो वीस कोटींत गारगोटी ठरतो, आणि कधीं कधीं याच्या उलटही होतें. हें कसें, तें नीट सांगितलें पाहिजे.

पंचवीस खेळाडू प्रत्येकीं पांच लाखांचे घेतले तरी सव्वा कोटि जातातच. हा खर्च टळत नाहीं. तेव्हां सहा कोटींपैकीं निवडीस मोकळे राहतात पावणेपांच कोटि; आठांपैकीं पावणेसात; आणि विसांपैकीं पावणेएकोणीस. सहावरून आठावर गेलों तर मर्यादा एक-तृतीयांशानें वाढली असें दिसतें, परंतु मोकळी रक्कम शेंकडा ४२ नीं वाढते. आतां एक कोटीचा खेळाडू घ्या. पांच लाख तर त्या जागीं कोणावरही जाणारच होते. म्हणजे त्याच्यासाठीं खरे अधिक दिले ते ९५ लाख. सहा कोटींच्या संघांत हे मोकळ्या रकमेचा एक-पंचमांश होतात, आठांत सुमारें एक-सप्तमांश, आणि विसांत एक-विसांशाच्या आसपास. खेळाडू तोच, कार्ड तेंच, किंमतही तीच. परंतु पहिल्या घरांत तो हत्ती आहे व शेवटच्या घरांत बैलजोडींतला एक बैल.

आठ कोटींच्या पहिल्या फेरींत एक संघ आम्हीं स्वतः घेतला होता. रूथ व आणखी तीन नामांकित फलंदाज यांवर निम्म्याहून अधिक रक्कम उडविली आणि पिचर जे उरले ते घेतले. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तळांच्या मध्यें उभा राहणारा क्षेत्ररक्षक, तो पांच लाखांचा घेतला. तेथें एवढें काय अडणार आहे असें वाटलें. आमच्या धांवा पुष्कळ झाल्या. प्रतिपक्षाच्या त्याहून पुष्कळ झाल्या. आठ संघांत आमचा सातवा क्रमांक आला. पहिला क्रमांक नववीच्या चार मुलींच्या संघास मिळाला. त्यांनीं जे खेळाडू घेतले होते त्यांपैकीं एकाचेंही नांव आम्ही ऐकिलेलें नव्हतें. त्या मुलींनीं जें केलें तें त्यांच्याच वहीवरून आम्हांस मागाहून कळलें.

त्यांनीं पहिली गोष्ट ही हेरली कीं, पिचरच्या कार्डावरील कांहीं संधींचा निकाल तेथें लागतच नाहीं. तो क्षेत्ररक्षकाच्या हातीं सोंपविलेला असतो. अशा संधि शॉर्टस्टॉपकडे सर्वांत अधिक व त्याच्या खालोखाल दुसऱ्या तळावरील माणसाकडे जातात. क्षेत्ररक्षणाचा अंक १ असेल तर तो उत्तम, ५ असेल तर अगदींच गचाळ. आम्हीं नेमक्या त्याच दारास कडी लाविली नव्हती. खऱ्या खेळांतही असेंच आहे. सेंट लुईसच्या ऑझी स्मिथनें एकोणीस मोसमांत मिळून केवळ २८ होम रन मारले, तरी शॉर्टस्टॉपच्या जागीं त्यानें १९८० पासून १९९२ पर्यंत लागोपाठ तेरा वर्षें उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचें पारितोषिक मिळविलें, व तो थोर खेळाडूंत गणला जातो.

धांव वांचविणें व धांव करणें यांची किंमत ताडून पाहण्यास बिल जेम्स यांचें एक सूत्र फार उपयोगी पडतें. हे गृहस्थ कॅन्सस प्रांतांत एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत रात्रीं पहारा करीत व वेळ मिळेल तेव्हां बेसबॉलचे आंकडे तपाशीत. १९७७ सालीं त्यांनीं आपलें पहिलें पुस्तक स्वतःच्या खर्चानें काढिलें. सूत्र असें : केलेल्या धांवांचा वर्ग भागिलें केलेल्या व दिलेल्या धांवांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे विजयांचें प्रमाण. समजा, १६२ सामन्यांच्या मोसमांत संघानें ८०० धांवा केल्या व ७०० दिल्या. सूत्रानें उत्तर येतें सुमारें ९२ विजय. आतां ५० धांवा अधिक केल्या, म्हणजे ८५० व ७००, तर विजय होतात ९६ ते ९७. त्याऐवजीं ५० धांवा कमी दिल्या, म्हणजे ८०० व ६५०, तर होतात ९७ ते ९८. दहावीच्या मुलांनीं हें स्वतः करून पाहावें. वांचविलेली धांव केलेल्या धांवेपेक्षां हलकी नाहीं, उलट किंचित् जडच आहे. मग बाजारांत जर ती स्वस्त मिळत असेल तर गरीब संघानें तीच कां घेऊं नये?

मुलींची दुसरी युक्ति जोडीची. बहुतेक फलंदाज एका हाताच्या पिचरपुढें चांगले खेळतात व दुसऱ्या हाताच्या पिचरपुढें अडखळतात. म्हणून प्रत्येक कार्डाच्या दोन बाजू असतात, एक डावखुऱ्या पिचरसाठीं व एक उजव्यासाठीं. दोन्ही बाजूंनीं सरस असलेला माणूस महाग. परंतु उजव्या पिचरपुढेंच चालणारा एक व डावऱ्यापुढेंच चालणारा एक असे दोन अर्धे माणूस घेतले, तर दोघांची किंमत मिळून एका पुऱ्या माणसाच्या निम्मी पडते असें त्यांना कित्येक ठिकाणीं आढळलें. पिचर बहुतेक उजवे, म्हणून पहिल्यास थोडे अधिक द्यावे, दुसऱ्यास अगदीं थोडके. ही तजवीज ज्यांस सुचली त्यांचीं घरें कशीं चालतात तें आम्हांस ठाऊक आहे, आणि ती सुचली याचें आम्हांस नवल वाटलें नाहीं.

तिसरी गोष्ट मैदानाची. बेसबॉलचीं मैदानें एकसारखीं नसतात. डेन्वर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १६०० मीटर उंच आहे. तेथील विरळ हवेंत चेंडू दूर जातो व धांवांचा पाऊस पडतो. उलट कांहीं मैदानें इतकीं ऐसपैस आहेत कीं होम रन तेथें दुर्मिळ. या खेळांत आपलें मैदान आपणच निवडावयाचें असतें. ज्याचे पिचर स्वस्त, त्यानें ऐसपैस मैदान घ्यावें, म्हणजे त्यांच्या चुका कुंपणाच्या आंतच राहतात. आणि अशा मैदानांत लांब टोला मारणाऱ्यांवर पैसा घालूं नये, कारण तो पैसा त्या कुंपणापाशींच पडून राहतो. हें मुलांना सांगावें लागलें नाहीं.

एकूण सहा कोटींच्या संघांत प्रश्न असा असतो कीं, दर डॉलरामागें काय पदरांत पडतें.

दिवाळीनंतर आम्हीं मर्यादा एकदम वीस कोटींवर नेली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. आतां ज्यास जो पाहिजे तो घेईल असें त्यांस वाटलें. नववीच्या त्याच मुलींनीं आपली जुनी रीति तशीच चालविली : जोड्या लाविल्या, स्वस्त क्षेत्ररक्षक घेतले, आणि पांच-सहा कोटि शिल्लक ठेवून त्या मैदानांत उतरल्या. त्या शेवटच्या आल्या. शिल्लक रकमेस या खेळांत कांहीं बक्षीस नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं, आणि त्यांचें काटकसरीचें वळण इतकें पक्कें होतें कीं आम्हांसही तें त्यांस सांगवेना.

वीस कोटींत टंचाई पैशाची नसून जागेची असते. फलंदाजीच्या क्रमांत नऊच नांवें. पिचर दमतात, म्हणून चार-पांच आळीपाळीनें फेकणारे व दोन-तीन मदतीस लागतात. सोळा-सतरा माणसांवरच सगळा भार. बांकावरच्या उरलेल्यांस कोट्यवधि देऊन उपयोग नाहीं, कारण ते बांकावरच बसणार. अशा वेळीं दर डॉलरामागें काय मिळतें हें विचारणें व्यर्थ. दर जागेमागें काय मिळतें हें विचारावें. साठ लाखांचा चांगला, होतकरू, इमानी माणूस जागा अडवून बसला असेल तर तेथें सव्वा कोटीचा बसविला पाहिजे, जरी तो दुप्पट पैशांत दुप्पट काम देत नसला तरी. शिवाय प्रतिपक्षाकडेही तसलेच पिचर असतात. निम्मे निकाल त्यांच्या कार्डावर जाणार हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां फलंदाजावर कितीही सोनें ओता, त्याचें तेज निम्म्या फांशांपुरतेंच. म्हणून श्रीमंतांच्या स्पर्धेंत संघ वरून एकसारखे दिसतात व बारीकसारीक उणीव घात करिते : एक पांगळा कॅचर, एक अडखळणारा डावरा. आठ व दहा कोटींची मर्यादा या दोहोंच्या मध्यें येते आणि तेथें दोन्ही प्रश्न एकदम विचारावे लागतात. आमच्या मतें तीच सर्वांत अवघड, पण तिजविषयीं लिहूं लागलों तर पानें पुरणार नाहींत.

अमेरिकेंत कल्पित संघ बांधण्याचा दुसराही एक प्रकार आहे, त्याची यांत गल्लत होऊं नये. १९८० सालीं डॅनियल ओक्रेंट व त्यांचे मित्र यांनीं न्यूयॉर्कमधील एका फ्रेंच खाणावळीच्या नांवावरून 'रोटिसरी' बेसबॉल चालू केलें. त्यांत २३ खेळाडू २६० डॉलरांत लिलावानें घेण्याचा प्रघात पडला. तेथें खेळाडू पुढें काय करील यावर निकाल लागतो. फांशांच्या खेळांत त्यानें मागें काय केलें यावर लागतो. आमचा खेळ दुसऱ्या प्रकारचा. लिलाव मात्र आमच्या मुलांना परका नाहीं. इंडियन प्रीमियर लीगच्या २००८ सालच्या पहिल्या लिलावांत प्रत्येक संघास खर्चावयास ५० लाख डॉलर होते, त्यांपैकीं १५ लाख चेन्नईनें एकट्या धोनीवर घातले. त्या वर्षीं अंतिम सामना नव्या मुंबईंत झाला. त्यांत चेन्नईस हरवून विजयी झाला तो राजस्थानचा संघ, जो मालकांनीं सर्व संघांत कमी किंमतीस विकत घेतला होता. धोनीवरील खर्च वायां गेला असें मात्र यावरून कोणीं समजूं नये. तीन गडी राखून आणि शेवटच्या चेंडूवर लागलेला निकाल हा फांशाच्या एका पडण्याइतकाच होय.

खऱ्या बेसबॉलमध्यें सहा कोटींच्या युक्तीचें जें नामांकित उदाहरण तें २००२ सालचें. ओकलंड शहरीं त्या वेळीं असलेल्या ॲथलेटिक्स संघाचा वेतनखर्च सुमारें ४ कोटि डॉलर, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा १२ कोटींच्या वर. ओकलंडचा सर्वोत्तम फलंदाज जेसन जियांबी यास यांकीजनीं नुकतेंच सात वर्षांच्या करारानें उचलिलें होतें. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन यांनीं तसा दुसरा माणूस शोधण्याचा नाद सोडला, आणि त्याऐवजीं जो तळावर पोंचतो त्यास घेतलें. मग तो टोल्यानें पोंचो कीं वॉकनें. वॉक दिसावयास क्षुल्लक म्हणून बाजारांत त्यास भाव नव्हता. स्कॉट हॅटेबर्ग नांवाचा एक कॅचर होता. कोंपराच्या दुखण्यामुळें त्यास चेंडू फेकतां येईना, म्हणून त्याच्या धंद्यांत त्यास मोल उरलें नव्हतें. बीन यांनीं पाहिलें कीं याचा हात गेला आहे, नजर गेलेली नाहीं. आणि त्यास पहिल्या तळावर उभें केलें. तें स्थान त्यास नवें होतें. त्या वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं कॅन्सस सिटीविरुद्ध ओकलंडनें ११-० अशी आघाडी घेऊन ती सारी घालविली, आणि ११-११ अशा स्थितींत याच हॅटेबर्गनें होम रन मारून लागोपाठ विसावा विजय मिळविला. मोसमाअखेर ओकलंडचे १०३ विजय झाले व यांकीजचेही १०३. त्यापुढील बाद फेरींत दोघेही पहिल्याच पायरीवर हरले. १६२ सामन्यांत हिशेब जिंकतो. पांच सामन्यांत फांसा. मायकेल लुईस यांनीं २००३ सालीं 'मनीबॉल' या पुस्तकांत ही सर्व हकीकत लिहिली आहे. मोठ्या मुलांनीं ती वाचावी.

ही गोष्ट वर्गांत सांगून झाल्यावर मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, पांच लाखांच्या माणसास आपली किंमत पांच लाख आहे हें ठाऊक असतें का?"

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलों. हॅटेबर्गच्या गोष्टींत आम्ही बीन यांच्या चातुर्यावर इतके रंगलों होतों कीं, ज्याचें मोल उरलें नाहीं असें आम्हीं एका वाक्यांत म्हटलें तो माणूस घरीं बसून काय करीत असेल, हें आमच्या मनांत आलें नव्हतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं मुलांना कर्ट फ्लड याची कथा सांगितली. फ्लड हा सेंट लुईसचा उत्कृष्ट क्षेत्ररक्षक. बारा वर्षें त्या संघांत खेळलेला कृष्णवर्णी गृहस्थ. १९६९ सालीं त्यास न विचारतां फिलाडेल्फियाच्या संघास देऊन टाकण्यांत आलें. त्या काळीं नियमच असा होता कीं, खेळाडूचा करार संपला तरी त्यावरील संघाचा हक्क संपत नसे. आपली किंमत स्वतः सांगण्याची त्यास सोयच नव्हती. फ्लडनें २४ डिसेंबर १९६९ रोजीं बेसबॉलच्या आयुक्तांस पत्र लिहून, आपण खरेदी-विक्रीची वस्तु नाहीं असें कळविलें, आणि तो न्यायालयांत गेला. १९७२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं निकाल त्याच्याविरुद्ध दिला. त्याची कारकीर्द त्यांतच संपली. तीनच वर्षांनीं, डिसेंबर १९७५ मध्यें, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणांत लवादानें खेळाडूंच्या बाजूनें निर्णय दिला व तो जुना नियम मोडला.

आणि मर्यादेविषयीं म्हणाल, तर संघमालकांस खरीखुरी वेतनमर्यादा घालावयाची होती व खेळाडूंस ती नको होती, यावरूनच १२ ऑगस्ट १९९४ रोजीं खेळाडूंनीं संप केला. त्या वर्षीं जागतिक मालिका म्हणून प्रसिद्ध असलेला अंतिम सामना झालाच नाहीं. १९०४ सालानंतर असें प्रथमच घडलें. मार्च १९९५ अखेर न्यायाधीश सोनिया सोटोमायॉर यांनीं, ज्या पुढें सर्वोच्च न्यायालयावर गेल्या, मालकांविरुद्ध मनाईहुकूम दिला, आणि एप्रिलांत खेळ पुनः सुरू झाला तो मर्यादेवांचूनच. पुढें मर्यादेऐवजीं अतिखर्चावर कर बसविण्याची तोड निघाली. मुलांपैकीं निम्मीं मालकांच्या बाजूचीं झालीं, कारण मर्यादेवांचून गरीब संघानें जगावें कसें. निम्मीं खेळाडूंच्या बाजूचीं झालीं, कारण मर्यादा संघावर म्हटली तरी ती शेवटीं कोणाच्या तरी पगारावरच पडते. वाद घंटेपर्यंत मिटला नाहीं व आम्हीं तो मिटविलाही नाहीं. प्रश्न विचारणाऱ्या मुलानें मात्र तिसऱ्या फेरींत आपल्या पांच लाखांच्या कॅचरला बदलण्यास नकार दिला, आणि त्यापायीं निदान दोन सामने गमाविले.

पुढील सत्रांत मुलांनीं दहा कोटींची मर्यादा मागितली आहे. ती देण्याचा आमचा विचार आहे. पेटी ग्रंथालयांतील खिडकीजवळच्या कपाटांत असते. निराळ्या रंगाचा फांसा हरवल्यामुळें सध्यां एका मुलीनें घरून आणलेल्या लुडोच्या फांशावर काम चाललें आहे. ज्या गृहस्थांनीं प्रथम पत्र लिहिलें त्यांस आमचें अगत्याचें निमंत्रण आहे कीं, कोणत्याही शुक्रवारीं साडेचारनंतर यावें व दोन फांशांची बेरीज सात छत्तीसांत सहा वेळां येते कीं नाहीं हें स्वतःच्या हातानें टाकून पाहावें. टाकणीं लिहून ठेवण्याची वही तेथेंच आहे.